आधी उशीर मोजा, मग इंच

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. बत्तीस इंचांपर्यंतच्या संचांना आणि गेमच्या कन्सोलला हा कमी दर १ जानेवारी २०१९पासूनच लागू होता. मोठा संच घेण्यातला कराचा अडसर गेला आणि रत्नागिरीसारख्या शहरातही खरेदीची बोलणी ‘किती इंची?’ या प्रश्नापासून सुरू होऊन तिथेच संपू लागली. ज्या घरात प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स आहे, त्या घरानं हा प्रश्न तिसरा-चौथा विचारावा असं माझं मत आहे. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत संच स्वतः किती वेळ खातो, हा पहिला प्रश्न. आकार, पिक्सेल, रंग त्याच्यामागून. या मताला विरोध करणाऱ्यांकडेही दमदार मुद्दे आहेत, म्हणून ते सगळं दोन माणसांच्या तोंडी घालतो. एक मुंबईत नोकरी करणारा मामा. बहिणीच्या रत्नागिरीतल्या घरी नवा टीव्ही घेऊन द्यायचं त्यानं ठरवलं आहे. दुसरी त्याची कॉलेजात शिकणारी भाची, जिच्याकडे पीएस-५ आहे. दोघंही कल्पित आहेत. त्यांच्यातला वाद कल्पित नाही.

मामाची बाजू सरळ आहे. “हे बघ बाय, टीव्ही काय आपण दरवर्षी घेत नाही. एकदा भिंतीवर लागला की आठ-दहा वर्षं तिथेच राहणार. मग पैशांत बसेल तेवढा मोठा घ्यावा आणि फोर-केच घ्यावा. फुल एचडीच्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात, फोर-केवर ८२,९४,४००. बरोबर चौपट! तुझा गेम काय, आजीची मालिका काय, आयपीएल काय, चित्र चांगलं असलं की सगळ्यालाच चांगलं. गेमसाठी वेगळा टीव्ही लागतो हे माझ्या काही पचनी पडत नाही गो.” या बोलण्यात हट्ट नाही, हिशेब आहे. आठ-दहा वर्षांच्या वस्तूत काटकसर करून मागाहून हळहळू नये, ही मध्यमवर्गीय घराची रास्त काळजी आहे.

भाची म्हणते, “चित्र चांगलं ते सगळ्याला चांगलं, इथेच तर गडबड आहे, मामा. सिनेमा लावलास आणि टीव्हीनं चित्र सेकंदाचा दहावा भाग उशिरा दाखवलं, तर तुला पत्ताही लागणार नाही. आवाजही तेवढाच उशिरा येईल, आणि तुझ्याकडून पडद्याकडे तर काहीच जात नसतं. गेममध्ये मी बघते, बटण दाबते, त्याचा परिणाम बघते आणि लगेच पुढचं बटण दाबते. हा फेरा सेकंदात कितीतरी वेळा होतो. त्यात टीव्ही मध्येच थांबला तर मी जे बघून खेळते ते आधीच होऊन गेलेलं असतं. तू पिक्सेल मोजतोयस, ते सगळे थांबून बघायच्या चित्राचे गुण आहेत. मला थांबायलाच वेळ नसतो.”

हा उशीर सपाट पडद्याबरोबर आला. पिक्चर ट्यूबचा जुना संच आलेला सिग्नल साठवत नसे. तो येईल तसा काचेवर उमटत जाई. नव्वदच्या दशकात ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी आपल्याकडे आलेल्या कॅसेटच्या गेमबरोबर बदकं मारायची बंदूक मिळे. बदकं मारायचा तो गेम मूळचा निन्टेन्डोचा, १९८४चा. बंदुकीचा चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई, लगोलग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमके आणि बंदुकीतला संवेदक नेमक्या त्याच क्षणी समोर उजेड आहे का ते पाही. ती बंदूक आजच्या सपाट टीव्हीसमोर धरली तर एकही बदक पडत नाही. एक तर तिचं सर्किट ट्यूबच्या रेषांच्या गतीशी जुळवलेलं आहे. ते बाजूला ठेवलं तरी, पांढरा चौकोन पडद्यावर येईपर्यंत बंदुकीनं बघायचा क्षण निघून गेलेला असतो. सपाट संच आलेली प्रत्येक फ्रेम आधी स्मृतीत घेतो, आपल्या पडद्याच्या मापाची करतो, कडा धारदार करतो, दाणेदारपणा पुसतो, रंग चढवतो आणि मग दाखवतो. सेकंदाला ६० फ्रेम येत असतील तर एका फ्रेमचा वाटा १६.७ मिलिसेकंदांचा. हालचाल मऊ दिसावी म्हणून दोन फ्रेमच्या मध्ये तिसरी कल्पित फ्रेम घालण्याची सोय चालू असली, तर संचाला पुढची फ्रेम हातात येईपर्यंत थांबावंच लागतं, कारण दोन टोकं कळल्याशिवाय मधलं चित्र काढता येत नाही. ही सगळी सजावट चालू असताना कित्येक संच ५० ते १०० मिलिसेकंद, काही त्याहूनही जास्त खातात. त्याच संचात गेम मोड लावला की बहुतेक सजावट वगळली जाते आणि चांगल्या संचात हा आकडा १० ते २०वर उतरतो. दुकानात जो पडदा सर्वांत झगझगीत दिसतो, तो बहुतेक वेळा ही सगळी सजावट चालू ठेवून लावलेला असतो.

मामा इथे जी हरकत घेतो ती साधी वाटते, पण सर्वांत महत्त्वाची आहे. “शंभर मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. पापणी लवायला त्याहून जास्त वेळ लागतो. एवढ्याचं काय ते?” याचं उत्तर क्रिकेटच्या हिशेबात आहे. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. दोन्ही क्रीजमधलं अंतर ५८ फूट, म्हणजे पावणेअठरा मीटरच्या जवळपास. टप्प्यावर थोडा वेग जातो हे धरलं तरी फलंदाजाला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. डोळ्यांनी पाहून हात हलायला माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. उरलेल्या पाव सेकंदात चेंडूची लांबी ओळखायची, फटका निवडायचा, वेळ साधायची. कन्सोलवरच्या क्रिकेटमध्येही खेळणाऱ्याची कसोटी हीच असते. या उरलेल्या २५० मिलिसेकंदांतून टीव्हीनं १०० काढून घेतले, तर विचार करायच्या वेळातला चाळीस टक्के भाग गेला. पापणी लवण्याशी तुलना केली की हा वेळ क्षुल्लक भासतो; जिथून तो वजा होतो त्या शिलकीशी तुलना केली की त्याचं खरं माप कळतं.

मामा हार मानत नाही, आणि मानूही नये. “माणसाला सवय होते की. उशीर नेहमी तेवढाच असला तर हात आपोआप थोडा आधी चालायला लागतो. शिवाय तू ऑनलाइन खेळतेस, तिथे नेटचाच उशीर असतो. टीव्हीच्या तीस-चाळीस मिलिसेकंदांनी काय बिघडणार?” सवयीचा मुद्दा अर्धा खरा आहे. गोलंदाजाची धाव दिसते, ताल ठरलेला असतो, तिथे हात उशीर सांभाळून घेतो. संगीताच्या तालावर बटणं दाबायच्या गेममध्ये तर टीव्हीचा उशीर मोजून जुळवून घेण्याची सोयच दिलेली असते. पण जे आधी ताडता येत नाही तिथे सवय कामाला येत नाही: कोपऱ्यातून अचानक आलेला प्रतिस्पर्धी, फुटबॉलमध्ये पायाला लागून वळलेला चेंडू, मारामारीच्या गेममधला अनपेक्षित ठोसा. तिथे उशीर जितका, तितकं आंधळेपण. नेटची गोष्ट उलट दिशेनं पाहायला हवी. नेट, कंट्रोलर, कन्सोलची आकडेमोड आणि टीव्ही हे उशीर एकमेकांत मिसळून नाहीसे होत नाहीत, त्यांची बेरीज होते. रत्नागिरीतून दूरच्या सर्व्हरपर्यंतचं अंतर खेळणाऱ्याला बदलता येत नाही. टीव्हीचा उशीर खरेदीच्या दिवशी बदलता येतो, आणि त्याच दिवशी. ज्या एका आकड्यावर आपलं चालतं तोच सोडून देणं मला पटत नाही.

आता चौपट पिक्सेलांकडे. निरोगी नजर सुमारे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखते. त्रेचाळीस इंची फुल एचडी पडद्यावर एक पिक्सेल साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो वेगळा दिसण्यासाठी साडेपाच फुटांच्या आत बसावं लागतं. पंचावन्न इंचांवर हे अंतर सात फूट होतं. आपल्याकडच्या बैठकीच्या खोलीत सोफा आणि समोरची भिंत यांत आठ-नऊ फूट सहज असतात. तेवढ्या अंतरावरून, पंचावन्न इंचांपर्यंत, फोर-केचे जादा पिक्सेल बहुतेक डोळ्यांना पोचतच नाहीत. काहींची नजर याहून तीक्ष्ण असते, आणि तिरप्या रेषेच्या पायऱ्या डोळा याहूनही बारीक टिपतो, त्यामुळे फरक शून्य म्हणता येणार नाही. पण तो चौपट नाही, दुपटीच्याही जवळ नाही. याचा अर्थ कोणताही पडदा चालेल असाही नाही. बत्तीस इंची एचडी रेडी संच १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलांचा असतो. कन्सोल त्या मापाचं चित्र पाठवतच नाही. ते ७२० किंवा १०८० रेषांचं येतं आणि संच त्याला ओढूनताणून बसवतो. आजच्या गेममधली बारीक अक्षरं त्यावर वाचताना डोळे शिणतात. म्हणून फुल एचडी ही खालची मर्यादा. तिच्या वर गेल्यावर पैसे पिक्सेलांकडे जाऊ नयेत.

“पण बाजारात त्रेचाळीसच्या वर सगळे फोर-केच आहेत,” मामा म्हणतो, आणि ते जवळजवळ खरंच आहे. म्हणूनच फोर-के हा शब्द आता निवडीला उपयोगी राहिलेला नाही. तो सगळ्यांच्याच खोक्यावर असतो. भाची लगेच पुढचं मागते: “मग १२० हर्ट्झचा घे, एचडीएमआय २.१वाला.” हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, आणि एचडीएमआय म्हणजे कन्सोल टीव्हीला जोडणारी वाट. इथे मला भाचीलाही थांबवावंसं वाटतं. एचडीएमआयची २.० ही आवृत्ती २०१३ची; तिच्यातून सेकंदाला १८ गिगाबिट जातात आणि फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा पोचतं. नोव्हेंबर २०१७च्या २.१ आवृत्तीनं ती क्षमता ४८ गिगाबिटपर्यंत नेली आणि फोर-केला १२० वेळांची वाट खुली झाली. पण २.१मधल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे ६० हर्ट्झच्या पॅनेलवरही २.१चा छाप नियमात बसतो. डिसेंबर २०२१मध्ये यावरून बराच गदारोळ झाला होता. जाहिरातीत मोशन रेट वगैरे नावाखाली १२० लिहिलेलं असतं ते कित्येकदा पॅनेलचं नसून सजावटीचं असतं. आकडा पॅनेलचा आहे का, एवढंच नेमकं विचारावं. दुसरं असं की पीएस-५वरचे बहुतेक गेम ६० किंवा ३० फ्रेमनं चालतात, १२०चे थोडे. खरे १२० हर्ट्झचे पॅनेल मुख्यतः पन्नास-पंचावन्न इंचांपासून पुढे मिळतात आणि महाग पडतात. बदलत्या फ्रेमदराशी पडद्यानं जुळवून घेण्याची व्हीआरआर ही सोय पीएस-५ला एप्रिल २०२२मध्ये मिळाली. ती ४८ ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात चालते, म्हणजे ६० हर्ट्झच्या पडद्यावर तिला हातपाय पसरायला जागाच नसते. पैसे असतील तर १२० हर्ट्झ जरूर घ्यावा, कारण त्यावर उशीरही आणखी उतरतो. नसतील तर कमी उशिराचा ६० हर्ट्झचा साधा संच हा शंभर मिलिसेकंद खाणाऱ्या मोठ्या दिखाऊ संचापेक्षा खेळणाऱ्याच्या कितीतरी जास्त कामाचा.

मामाचा सर्वांत माणुसकीचा मुद्दा आजीचा आहे. “टीव्ही एकट्या तुझा नाही गो. आई दुपारी मालिका बघते, संध्याकाळी बातम्या. गेम मोडमध्ये चित्र फिकं पडलं तर तिनं ते का सोसायचं?” तिनं सोसू नये, आणि सोसावं लागतही नाही. बहुतेक संचांत चित्राची मांडणी प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळी ठेवता येते. सेट-टॉप बॉक्सच्या पोर्टवर सजावट चालू, कन्सोलच्या पोर्टवर गेम मोड, एवढं एकदा लावून दिलं की पुरतं. नव्या संचांत कन्सोल सुरू होताच संच आपणहून गेम मोडवर जातो, ती सोय असलेला संच घ्यावा. आपल्याकडचं प्रक्षेपण पॅल पद्धतीच्या काळापासून ५० हर्ट्झच्या तालावर चालत आलं आहे आणि कन्सोल ६०च्या. आजचे संच दोन्ही ताल विनातक्रार घेतात. ही तडजोड मात्र उलट दिशेनं जमत नाही. कमी उशिराचा संच आजीसाठी सजवता येतो, पण ज्याच्या गेम मोडमध्येच उशीर भरला आहे तो संच नातीसाठी वेगवान करता येत नाही.

पॅनेलच्या जातीबद्दल थोडक्यात. व्हीए जातीचा काळा रंग गडद, पण बाजूनं बसणाऱ्याला रंग उतरलेले दिसतात. आयपीएस बाजूनं चांगला, पण अंधारात काळा राखाडी होतो. ओलेड पिक्सेल बदलण्याच्या वेगात सर्वांवर मात करतो. त्यात एकच धोका, गेममधला स्कोअरचा पट्टा किंवा नकाशा महिनोन् महिने एकाच जागी राहिला तर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो. एकच गेम रोज तासन् तास खेळणाऱ्यानं त्यामुळे ओलेड जपून घ्यावा.

रत्नागिरीचा म्हणून जो वेगळा प्रश्न आहे तो पडद्याच्या मागचा आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हवेत मीठ असतं आणि जांभ्याच्या भिंतीत पावसाळाभर ओल धरते. अशा भिंतीला संच चिकटवून टांगू नये. मागे हवा खेळेल एवढी जागा ठेवावी, नाहीतर पोर्टच्या पितळी-सोनेरी टोकांवर थर चढतो. विजेचं दुखणं त्याहून मोठं. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानं मंडणगड-दापोलीकडे आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यातल्या तौक्तेनं किनाऱ्यावरच्या गावांत कित्येक दिवस वीज गेली होती, हे जिल्हा विसरलेला नाही. रोजच्या वापरात त्याहून घातक असते ती वळवाच्या पावसातली वीज. ती फक्त प्लगमधून येत नाही; छतावरच्या डिशच्या वायरीतून सेट-टॉप बॉक्सात, तिथून एचडीएमआय केबलनं टीव्हीत आणि टीव्हीतून कन्सोलपर्यंत पोचू शकते. स्पाइक गार्ड अर्थिंग चांगलं असेल तरच काम करतो, आणि सड्यावरच्या घरांना जांभ्यात चांगलं अर्थिंग मिळवणं सोपं नसतं. ते वायरमनकडून मोजून घ्यावं. गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर डिशची वायरही काढावी. मध्येच वीज गेली तर पीएस-५ पुन्हा सुरू होताना आपली साठवण तपासत बसतो, कधी खेळाची नोंदही जाते. खेळताना कन्सोल सुमारे दोनशे वॅट घेतो, त्रेचाळीस इंची संच शंभरच्या आत-बाहेर. घरातला साइन वेव्ह इन्व्हर्टर हे दोन्ही बंद करायला लागणारी दहा-पंधरा मिनिटं आरामात देतो. मोठ्या आकारावर जाणारे पैसे इकडे वळवण्यात मला जास्त शहाणपण दिसतं.

मामाची शेवटची शंका रास्त आहे. “हा उशीर खोक्यावर छापलेला नसतो. दुकानात मी तो ओळखायचा कसा?” त्यासाठी कन्सोल पिशवीत घालून दुकानात न्यावा. ज्या दुकानात दोन पिढ्यांची खरेदी झाली आहे तिथे दुकानदार तो लावून पाहू देईल. नाही दिलं तर दुसरं दुकान पाहावं. उशीर संच घरी आल्यावरच कळणार असेल तर स्वस्तात ऑनलाइन मागवण्यात जोखीम आहे, ती याचसाठी, आणि घाटातून आलेलं पॅनेल तडकलं तर ते बदलण्याचा खर्च जवळजवळ नव्या संचाएवढा होतो म्हणूनही. एक्सबॉक्सच्या सेटिंगमध्ये फोर-के टीव्ही डिटेल्स नावाचं पान आहे. संचाला काय काय झेपतं ते तिथे एकेका ओळीत दिसतं. पीएस-५मध्ये व्हिडिओ आउटपुटच्या माहितीत हेच कळतं. मग एकच गेम, एकच कंट्रोलर, गेम मोड चालू, आणि मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा. सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा कॅमेरा असेल तर बोट बटणावर टेकल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतच्या फ्रेम मोजाव्यात. प्रत्येक फ्रेम चार मिलिसेकंदांहून किंचित मोठी. यात गेमचा स्वतःचा उशीरही येतो, पण तो दोन्ही संचांवर सारखाच असल्यामुळे तुलना खरी ठरते. पाच-सहा वेळा मोजून सरासरी काढावी. दोन संचांत दहा फ्रेमचा फरक आला तर तो चाळीस मिलिसेकंदांचा फरक आहे, आणि तेवढ्यासाठी पंचावन्नऐवजी त्रेचाळीस इंची घ्यावा लागला तरी मामानं तोच घ्यावा.